ग्रीकांचा स्तोआ : रचना, वारसा आणि आपले भाषांतर

नव्या करारात 'स्तोआ' हा ग्रीक शब्द अवघ्या चार ठिकाणी आला आहे : योहान ५:२, योहान १०:२३, प्रेषितांची कृत्ये ३:११ आणि ५:१२. ह्याच शब्दापासून बनलेले एका तत्त्वज्ञानपंथाचे नाव प्रेषितांची कृत्ये १७:१८ मध्ये येते. मूळ ग्रीक वाचणाऱ्याला ह्या पाचही स्थळांमधील नाते कानांनीच कळते. मराठी वाचकाला मात्र ते कळण्यास वाव नाही. आपल्या मराठी शास्त्रात कोठे 'देवडी' येते, कोठे 'पडवी' येते आणि तत्त्वज्ञांचे नाव तर ग्रीक उच्चारानुसार जसेच्या तसे उतरते. हा केवळ शब्दांचा प्रश्न असता तर त्यासाठी ह्या अंकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या वास्तूत प्रभूने हिवाळ्यात फेऱ्या घातल्या आणि जिच्या छायेत आद्य मंडळी एकत्र जमत असे, ती वास्तू कशी होती, कोणासाठी होती आणि तिचा स्वभाव कोणता, हे कळल्यावाचून त्या उताऱ्यांचा अर्थ अपुरा राहतो असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात स्तोआची वास्तू म्हणून परीक्षा करावयाची, तिच्याविषयी केली जाणारी स्तुती कितपत खरी आहे ते तपासावयाचे आणि अखेरीस भाषांतराच्या प्रश्नाकडे वळावयाचे, असा आमचा विचार आहे.

वास्तूचे स्वरूप

स्तोआची रचना अत्यंत साधी आहे. मागे एक लांबच लांब भरीव भिंत, पुढे तिला समांतर अशी स्तंभांची रांग, आणि दोहोंवर कौलारू छप्पर. बस्स. रुंदी अधिक हवी असल्यास मध्ये आणखी एक स्तंभपंक्ती उभारीत. बाहेरचे स्तंभ डोरिक पद्धतीचे, आखूड व धिप्पाड. आतले आयोनिक पद्धतीचे, उंच व सडपातळ. आतल्या स्तंभांवर छपराच्या आढ्याचा भार येई म्हणून त्यांना उंची लागे. परंतु ते बाहेरच्यांइतके दाट उभे करीत नसत, कारण आत माणसांना मोकळेपणी हिंडता-फिरता यावे ही मुख्य गरज होती. जागेची सोय असेल तेथे तोंड दक्षिणेस किंवा पूर्वेस ठेवीत. दक्षिणाभिमुख स्तोआत हिवाळ्यातील तिरपे ऊन आतपर्यंत पोहोचते, उत्तरेचा बोचरा वारा मागच्या भिंतीवर अडतो, आणि उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने आत सावली राहते.

ग्रीक वास्तुकलेचे नाव निघाले की आपल्यापुढे पार्थेनॉन उभे राहते. परंतु मंदिराचे स्तंभ आणि स्तोआचे स्तंभ ह्यांच्या कामांत मूलभूत अंतर आहे. मंदिराच्या स्तंभांनी देवतेच्या मूर्तीचे बंदिस्त दालन वेढलेले असे. यज्ञवेदी बाहेर उघड्यावर असे, आणि उपासकांचा समुदायही बाहेरच राही. स्तोआच्या स्तंभांनी मात्र माणसांवर छाया धरली. त्याला दार नाही, कडी नाही. चौकातून जाणारा मनुष्य पाऊस आला म्हणून आत शिरला, उभा राहिला, चार शब्द ऐकले आणि निघून गेला, तर त्याला कोणी विचारणारे नव्हते. मंदिराहून साध्या असलेल्या ह्या वास्तूने संस्कृतीला जे दिले ते ह्या दारहीनतेतून दिले, असे आमचे मत आहे.

अथेन्स येथील तीन साक्षी

अथेन्सच्या अगोरा ह्या चौकाच्या वायव्य कोपऱ्यात 'राजस्तोआ' होता. इ. स. १९७० मध्ये उत्खननात तो सापडला, तेव्हा त्याचा लहानपणा पाहून अनेकांना नवल वाटले. लांबी १८ मीटरांच्या आत, रुंदी ७ मीटरांच्या आसपास. तरीही धर्मविषयक खटल्यांची प्राथमिक चौकशी करणारा अधिकारी येथे बसत असे. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसावर अधर्माचा आरोप आला तेव्हा त्याला ह्याच ठिकाणी यावे लागले. प्लेटोच्या 'युथिफ्रो' ह्या संवादाची पार्श्वभूमी हीच आहे. धर्मनिष्ठा म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत चर्चिला गेला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा 'चित्रस्तोआ'. त्याचे बांधकाम इ. स. पू. पाचव्या शतकाच्या दुसऱ्या पादातील. पॉलिग्नोटस, मिकॉन व पॅनेनस ह्या चित्रकारांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. मॅराथॉनची लढाई, ट्रॉयचा पाडाव, अ‍ॅमेझॉन स्त्रियांशी युद्ध असे विषय तेथे रंगविलेले होते, इ. स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस ह्या प्रवाशाने ती चित्रे पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. ह्या वास्तूचे अवशेष इ. स. १९८१ च्या सुमारास उत्खननात हाती लागले. येथेच इ. स. पू. ३०० च्या सुमारास सायप्रस बेटावरील सिटियम नगराचा झेनो शिकवू लागला आणि त्याचे अनुयायी 'स्तोआवाले' म्हणून ओळखले जाऊ लागले. झेनो अथेन्सचा नागरिक नव्हता, आणि परक्यांना तेथे सामान्यतः जमीन धारण करता येत नसे. त्याच्या समकालीन एपिक्युरस मात्र नागरिक होता. त्याने स्वतःची बाग घेतली आणि तेथे मित्रमंडळींसह शिकविले. प्रेषितांची कृत्ये १७:१८ मधील दोन पंथांमधला हा भेद आमच्या मते बोलका आहे. एकाची शाळा कुंपणाच्या आत, दुसऱ्याची सार्वजनिक छपराखाली. सर्व मानवांना एकच विवेक व्यापून आहे असे शिकविणारे तत्त्वज्ञान एका परक्याने उसन्या जागेत उभे केले.

तिसरी साक्ष अ‍ॅटॅलसच्या स्तोआची. पर्गामचा राजा दुसरा अ‍ॅटॅलस (राज्यकाल इ. स. पू. १५९ ते १३८) ह्याने तो अथेन्सला भेट दिला. लांबी सुमारे ११६ मीटर, रुंदी सुमारे २० मीटर, दोन मजले आणि प्रत्येक मजल्यावर २१ गाळे. इ. स. २६७ मध्ये हेरुली टोळ्यांच्या स्वारीत त्याचा नाश झाला. पुढे इ. स. १९५३ ते १९५६ ह्या काळात अमेरिकन अभ्याससंस्थेने तो मूळ पायावर पुन्हा उभारला, आणि आज त्यात अगोराचे संग्रहालय आहे. १६ एप्रिल २००३ रोजी युरोपीय संघात दहा नव्या राष्ट्रांच्या प्रवेशाचा करार तेथेच झाला.

स्तुतीची मर्यादा

स्तोआविषयी लिहिणारे बहुधा त्याची लोकशाहीचे पाळणाघर म्हणून प्रशंसा करतात. ही प्रशंसा आम्हांस अर्धीच मान्य आहे. चित्रस्तोआच्या भिंतींवर मुख्यतः युद्धेच होती. तेथेच जिंकलेल्या ढाली टांगलेल्या असत. इ. स. पू. ४२५ मध्ये पायलॉस येथे स्पार्टनांकडून घेतलेल्या ढालींपैकी एक, तसा लेख कोरलेली, इ. स. १९३६ मध्ये अगोरातच सापडली. डायोजिनिस लेअर्शियस ह्याने तर असे नोंदविले आहे की, तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या काळात ह्याच जागी चौदाशे नागरिकांचा वध झाला होता. ज्या भिंतीपाशी झेनो विवेकाची शिकवण देत होता त्या भिंतीला रक्ताची आठवण होती. मोकळी वास्तू म्हणजे मोकळे मन, असे समीकरण इतिहास मांडू देत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. वक्ता एस्किनीस सांगतो की, मॅराथॉनचा सेनापती मिल्टियाडीस ह्याने चित्रस्तोआतील चित्रावर आपले नाव लिहिले जावे अशी मागणी केली. लोकांनी ती नाकारली, मात्र सैन्याच्या अग्रभागी त्याला रंगविण्यास संमती दिली. ह्यानंतर सुमारे तीन शतकांनी अ‍ॅटॅलसने जो स्तोआ दिला त्याच्या दर्शनी पट्टीवर राजाचे नाव, त्याच्या पित्याचे नाव आणि मातेचेही नाव कोरलेले होते. एका वास्तूत समाजाने विजयी सेनापतीलाही रांगेतच उभे केले. दुसरीत दात्याचे नाव छपराखालून सर्वांच्या डोक्यावर आले. मंदिराच्या बांधणीसाठी आलेल्या देणग्यांच्या संगमरवरी पाट्या कोठे व केवढ्या लावाव्यात, हा प्रश्न ज्यांच्यापुढे वारंवार येतो त्या आमच्या धर्मगुरू बांधवांनी हे दोन स्तोआ शेजारी ठेवून पाहावेत.

पुनर्रचित अ‍ॅटॅलस-स्तोआविषयीही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. भग्नावशेष भग्न स्थितीतच ठेवावेत, असे मानणाऱ्यांना ही नवी शुभ्र वास्तू खटकते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे; कारण मूळचा स्तोआ हा गाळ्यांचा बाजार होता, तेथे गलका होता, घासाघीस होती, आणि आज तेथे काचपेट्यांची शांतता आहे. असे असले तरी आम्ही ह्या पुनर्रचनेच्या बाजूने मत देतो. नकाशावरून स्तोआची लांबी समजते. त्याची सावली समजत नाही. स्तंभांच्या दोन रांगांमधून चालताना बाहेरचा लखलखीत प्रकाश आणि आतला गारवा ह्यांतील भेद शरीराला जाणवतो, आणि मग ह्या जागी माणसे तासन् तास का थांबत असतील त्याचा उलगडा होतो.

यरुशलेम येथील ओळ

आता यरुशलेमकडे वळू. हेरोद राजाने मंदिराचे प्रांगण वाढवून त्याच्या भोवती स्तंभांकित छपरे उभारली. दक्षिणेच्या 'राजस्तोआ'त चार रांगांत १६२ स्तंभ होते आणि एका स्तंभाला कवेत घेण्यास तीन माणसे लागत, असे योसेफस लिहितो. पूर्वेकडील स्तोआला लोक शलमोनाचे म्हणत. नाव प्राचीन राजाचे, परंतु पहिल्या शतकातील त्याचे रूप ग्रीक जगाच्या चालीचे. इ. स. ६२ ते ६४ च्या दरम्यान मंदिराचे काम संपून अठरा हजारांवर कामकरी रिकामे झाले, तेव्हा लोकांनी दुसऱ्या अग्रिप्पाकडे ह्याच पूर्वेकडील स्तोआची नव्याने उभारणी करण्याची मागणी केली. त्याने ती अमान्य केली आणि त्याऐवजी शहराच्या रस्त्यांना पांढरी फरसबंदी करण्यास अनुमती दिली. इ. स. ७० मध्ये मंदिराबरोबर हे सर्व नष्ट झाले.

ह्या पार्श्वभूमीवर योहान १०:२२-२३ पुन्हा वाचावे. सुवार्तिक तीन गोष्टी सांगतो : पुनःस्थापनेचा सण होता, हिवाळा होता, आणि येशू शलमोनाच्या स्तोआत फिरत होता. 'हिवाळा' हा शब्द पुष्कळ टीकाकार प्रतीकात्मक मानतात. आम्हांस त्याचा साधा अर्थही तितकाच मोलाचा वाटतो : थंडी होती म्हणून आडोशाला फेऱ्या घातल्या. स्तोआ ज्यासाठी बांधीत त्याच कामी तो येथे आला आहे. परंतु सणाचा उल्लेख अधिक खोल आहे. अंतियोख एपिफानेस ह्याने विटाळलेले मंदिर इ. स. पू. १६४ मध्ये मक्काबींनी पुन्हा शुद्ध केले, त्याचा हा सण. म्हणजे ग्रीक चालीरीती लादण्याविरुद्धच्या लढ्याची आठवण लोक ग्रीक धाटणीच्या स्तंभांखाली साजरी करीत होते. परकी वस्तू शत्रूच्या हाती असते तेव्हा विटाळ वाटतो, आणि तीच आपल्या अंगणात दोन पिढ्या राहिली की पूर्वजांच्या नावाने ओळखली जाते. 'ख्रिस्ती' आणि 'देशी' ह्यांविषयी आपल्याकडे जे वाद होतात त्यांत दोन्ही पक्षांना ह्या एका वचनातून बोध घेता येईल.

ह्याच स्तोआत पेत्राचे दुसरे मोठे भाषण झाले, आणि प्रेषितांची कृत्ये ५:१२ प्रमाणे मंडळी येथेच जमू लागली. ही निवड सहज झालेली असो वा जाणूनबुजून, तिचा परिणाम मोठा होता. मंदिराच्या आतील अंगणांभोवती एक कठडा होता आणि परराष्ट्रीयाने तो ओलांडल्यास मृत्यूची ताकीद देणारे शिलालेख त्यावर होते. त्यांपैकी एक संपूर्ण ग्रीक शिलालेख इ. स. १८७१ मध्ये सापडला. शलमोनाचा स्तोआ ह्या कठड्याच्या बाहेर होता. म्हणजे जेथवर परक्यालाही येता येत होते, त्या सर्वांत बाहेरच्या छपराखाली आद्य मंडळी उभी होती. कर्नेल्याच्या घरी पेत्र जाण्यापूर्वीच मंडळीची जागा त्या दिशेला तोंड करून होती. तरीही पुढचेच वचन (५:१३) सांगते की, इतरांना त्यांच्यात मिसळण्याचे धैर्य होत नव्हते. दार नसले तरी उंबरठा उरतोच. तो मनांत असतो. लूकने ही अडचण लपविली नाही, आणि आपणही लपवू नये.

बेथेसदाच्या पाच स्तोआंविषयी थोडक्यात. संत ऑगस्टीन ह्यांनी त्या पाचांत मोशेची पाच पुस्तके पाहिली. पुढे यरुशलेममधील संत अन्नाच्या मंदिराजवळ जे उत्खनन झाले त्यात दोन जोडतळी व त्यांमधील आडवा बांध उघडकीस आला. चार बाजूंस चार आणि मधल्या बांधावर पाचवा, असा सरळ हिशेब त्यावरून जुळतो. रोगी स्तोआत पडून राहत ही गोष्टही ग्रीक जगात नवी नव्हती. एपिडॉरस येथील आरोग्यदेवतेच्या क्षेत्रात रोगी ज्या ठिकाणी झोपत ती वास्तूही स्तोआच होती.

पौल आणि स्तोआ

पौल अथेन्समध्ये दररोज चौकात भेटणाऱ्यांशी वाद घालीत असे, असे प्रेषितांची कृत्ये १७:१७ सांगते. अरियपगाची सभा टेकडीवरच भरे असे आपण सामान्यतः समजतो. परंतु तिची बैठक राजस्तोआतही होई असा पुरावा डेमॉस्थिनीसच्या नावावर असलेल्या एका भाषणात आहे, आणि म्हणून पौल तेथेच उभा राहिला असावा, असे काही अभ्यासक मानतात. हे मान्य झाल्यास 'नवी दैवते' सांगण्याचा आरोप सॉक्रेटिस आणि पौल ह्या दोघांवर एकाच छपराखाली आला असे होईल. ही कल्पना मोहक आहे. तिच्यावर प्रवचनाचा डोलारा उभारू नये, एवढेच आम्ही सुचवू.

करिंथ येथे भूमी अधिक भक्कम आहे. तेथील दक्षिण स्तोआ सुमारे १६५ मीटर लांब होता. मागे ३३ गाळे, आणि बहुतेक गाळ्यांत विहीर. गल्लियोचे न्यायासन ह्या स्तोआच्या समोरच होते (प्रे. कृ. १८:१२-१७). गल्लियो हा स्तोईक तत्त्वज्ञ सेनेका ह्याचा वडील बंधू. विश्वबंधुत्वाचे तत्त्वज्ञान ज्याच्या घरात नांदत होते त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत सोस्थेनेसाला मार बसला आणि त्याने तिकडे दुर्लक्ष केले.

वारशाचा हिशेब

स्तोआचा पुढील वारसा विस्तृत आहे. रोमने त्याचे रूप घेतले. अंत्युखिया येथील हमरस्त्याला हेरोदाने स्तंभांची जोड दिली, असे योसेफस सांगतो. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव ज्या नगरात मिळाले तेथले हे दृश्य. ख्रिस्ती मठांनी स्तंभपंक्ती स्वीकारली, पण तिचे तोंड फिरविले. नवव्या शतकातील सेंट गॉल मठाच्या आराखड्यात आणि जुने गोवे येथील सांता मोनिका मठात (पायाभरणी १६०६) छपराची ही वाट आतल्या चौकाभोवती फिरते आणि जगाकडे तिची भिंत असते. प्रार्थनेस हे पोषक आहे, ह्यात शंका नाही. परंतु हा स्तोआचा थेट वंशज नसून त्याचा उलटा केलेला अंगरखा आहे. बर्निनीने १६५६ ते १६६७ ह्या काळात रोम येथील संत पेत्राच्या चौकाभोवती २८४ स्तंभ उभे केले, तेव्हा ते तोंड पुन्हा लोकांकडे वळले. बर्लिनचे जुने संग्रहालय १८३० मध्ये उघडले. शिंकेलने त्याच्या दर्शनी भागी १८ आयोनिक स्तंभांची एकच सरळ रांग ठेवली. मुंबईच्या टाउन हॉलचे (१८३३) डोरिक स्तंभ मात्र स्तोआचे नव्हेत. ते मंदिराच्या द्वारमंडपाचे अनुकरण आहे. उंच पायऱ्या चढून जेथे जावे लागते तेथे स्तोआचा स्वभाव संपला.

भाषांतराचा प्रश्न

'देवडी' हा शब्द आमच्या मते अर्थाला एका बाजूस ओढतो. देवडी म्हटली की वाड्याचा दरवाजा, तेथला पहारेकरी आणि आत सोडण्या-न सोडण्याचा अधिकार डोळ्यांपुढे येतो. प्रेषितांची कृत्ये ३ मध्ये तर 'सुंदर' नावाचा दरवाजा आधीच आलेला आहे. त्यामुळे पांगळा जेथे बरा झाला तेथेच पेत्राचे भाषण झाले, असा समज होतो. वस्तुतः सर्वजण दरवाजातून मंदिरात जाऊन मग स्तोआकडे आले. 'पडवी' बेथेसदाला शोभते. आजारी माणूस पडवीत पडलेला असतो हे आपल्या वाचकाला सांगावे लागत नाही. पण मंदिराच्या भव्य प्रांगणाला ती पुरी पडत नाही.

आमची सूचना 'ओवरी' ह्या शब्दाची आहे. देवळाच्या आवारभिंतीला पाठ लावून, अंगणाकडे तोंड करून बसलेली खांबांची किंवा कमानींची ओळ, जेथे यात्रेकरू मुक्काम करतो, पावसात थांबतो, कीर्तन ऐकतो. स्तोआचे ह्याहून जवळचे रूप मराठीत नाही. दोन आक्षेप संभवतात. पहिला, हा शब्द हिंदू देवळांचा आहे. त्याला उत्तर असे की, 'मंदिर' हा शब्दही तसाच होता आणि आपण तो निःशंकपणे वापरतो. दुसरा, ओवरी ग्रीकांपासून आली असा भ्रम होईल. तो होऊ देऊ नये. कार्ले येथील चैत्यगृहाचे काही स्तंभ यवन दात्यांनी दिल्याचे तेथील लेख सांगतात. तरी तेवढ्यावरून ओवरीला स्तोआची लेक ठरविता येणार नाही. ऊन-पाऊस आणि उपासकांची गर्दी ह्यांनी दोन देशांत सारखी गरज निर्माण केली, एवढेच म्हणावे. शास्त्राचा छापील पाठ बदलणे आपल्या हाती नाही. परंतु वाचनानंतर समजावून सांगताना धर्मशिक्षकाने 'शलमोनाची ओवरी' असे एकदा म्हणून पाहावे. ऐकणाऱ्याला पेत्र कोठे उभा होता ते लगेच दिसेल.

स्तोआला आम्ही जो मान देतो तो त्याच्या स्तंभांसाठी नाही. त्याने माणसाला विचारले नाही की तू कोण. त्याच्या छायेत वधही झाले, राजांनी आपली नावेही कोरली, आणि मोकळ्या जागेतही लोक एकमेकांपासून दूर उभे राहिले. हे सारे जमेस धरूनही त्या गुणाचे मोल कमी होत नाही. आपल्या गावोगावच्या मंदिरांना बहुधा एक पडवी असते. उपासना चालू असताना आत न येणारे काही जण तेथे उभे असतात : कोणी शेजारचा, कोणी रागावून दूर गेलेला, कोणी नुसताच पावसासाठी थांबलेला. उपासना संपल्यावर त्यांच्याशी कोण बोलतो, ह्यावरून त्या मंडळीची पारख करावी, असे शलमोनाची ओवरी आम्हांस सुचविते.